बारा वाजायच्या आत

लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत हे मला कळतं. आमच्या लिफ्टमध्ये तसं चोवीस भाषांत लिहिलेलंही आहे. तरी त्या गुरुवारी मारल्या गेल्या, आणि का मारल्या गेल्या हे कुणी धड ऐकूनच घेत नाही. अर्धं ऐकतात आणि हसत सुटतात. तुम्ही तरी पूर्ण ऐका.

मी हेडविका. युरोपातली सत्तावीस राष्ट्रं ब्रसेल्सला एकत्र बसून कायदे करतात, तिथल्या स्लोव्हेनियाच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं चिटणीस आहे. साहेब येतात, साहेब जातात. मी आणि जिन्याखालचं झेरॉक्सचं मशीन, आम्ही दोघंच टिकून आहोत, आणि दोघंही तापल्याशिवाय चालत नाही.

माझा थोरला भाऊ इग्नात्स. सगळं गाव त्याला नात्सेक म्हणतं. वय एकाहत्तर, गुडघे ब्याण्णव. प्तुयजवळच्या आमच्या गावातला तो सगळ्यात जुना कुरेंत. कुरेंतनं कार्निव्हलच्या दिवसांत मेंढीचं कातडं पांघरायचं, लाल जिभेचा मुखवटा चढवायचा, कमरेला पाच दणदणीत घंटा बांधायच्या, हातात काठी घ्यायची आणि उड्या मारत दारोदार जाऊन थंडीला हाकलून लावायचं. घंटा जोरात वाजल्या नाहीत तर थंडी हलत नाही. याबद्दल शंका असलेला माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय.

या घंटा आमच्या बाबांच्या. सातव्या वर्षापासून त्या राखेनं घासून लख्ख करायचं काम माझं, आणि बांधायचं काम नात्सेकचं. "पोरींनी बांधायच्या नसतात," बाबा म्हणायचे, विषय संपला. आता आजूबाजूच्या गावांत पोरी खुशाल बांधतात. पण आमचा नात्सेक जुन्या वळणाचा. नाताळात त्याची नात नेझा त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, पुढच्या खेपेला मी बांधू?" हा गप्प. नुसता उठून गोठ्यात निघून गेला. पोर दोन दिवस जेवली नाही नीट.

आणि अशात तो कायदा आला. मूळ भानगड आवाज करणाऱ्या खेळण्यांची होती. कुठल्यातरी भोंगा बसवलेल्या खेळण्यातल्या शिरस्त्राणानं पोरांचे कान बसले म्हणे. ठीक आहे, करा त्याचा बंदोबस्त. पण मसुदा समित्यांतून फिरत फिरत मोठा झाला आणि त्यात शब्द पडले: "अंगावर बांधायची कोणतीही आवाजी वस्तू". मर्यादा ऐंशी डेसिबल. नात्सेकच्या घंटा शंभरावर जातात. उपाय काय, तर घंटांमध्ये लोकरीचे बोळे कोंबा, असं तळटीपेत लिहिलेलं. नात्सेकला फोनवर हे वाचून दाखवलं.

"हेडे," तो म्हणाला, "बोळा कोंबलेली घंटा बांधून नाचण्यापेक्षा मी त्या खिळ्याला टांगीन."

मी पण हट्टाला पेटले. या मसुद्यावरच्या बैठकांचं अध्यक्षपद त्या सहामाहीत फिनलंडकडे होतं, आणि पिर्को लेह्तोला नावाची बाई त्या खुर्चीवर होती. तिला मी महिनाभर गाठून गाठून सांगितलं की आधी घंटा ऐका, मग लिहा. पिर्को दिवसाला आठ शब्द बोलते. त्यातला एक तिनं माझ्यावर खर्च केला: "आणा."

मग मी शुक्रवारी रजा टाकली आणि व्हॅन घेऊन गावाला गेले. विमानात घंटा नेऊ देत नाहीत, आणि घंटा सोडून नात्सेक येत नाही. मोठ्या गुरुवारी, म्हणजे आमच्याकडे क्रोफ तळतात त्या दिवशी, सकाळी परत ब्रसेल्सला पोचलो. क्रोफ म्हणजे आत जर्दाळूचा जॅम भरलेले गोल गोल तळलेले गोळे. पत्र्याचा डबा भरून आणले होते. पर्स, फोन सगळं व्हॅनमध्ये विसरले, डबा नाही विसरले.

दारात आमचे नवे साहेब उभे. गोराज्द. कायद्यातले डॉक्टर, बेचाळीस वर्षांचे, राजधानीतून येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. इस्त्री इतकी कडक की बसताना आवाज येतो. आल्या आल्या त्यांनी पहिलं फर्मान काढलं होतं, कचेरी कागदमुक्त. माझी पेन्सिलसुद्धा जप्त केली.

"नमस्कार साहेब, हा माझा भाऊ."

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

चौथा माणूस आन्सेल्मो, पोर्तुगालचा, युरोपीय आयोगाचा मोजणीदार. कायदा आयोगानं सुचवलेला, म्हणून मोजणीही त्यांचीच. छातीशी पेटी धरून उभा होता, आत डेसिबल मोजायचं मशीन. सातव्या मजल्यावर आवाजबंद खोली आहे, तिथे साडेअकराला घंटा मोजायच्या ठरलं होतं. अकरा चाळीस झाले होते, कारण दारावरचा पहारेकरी नात्सेकचं कातडं तपासत होता आणि त्याला शिंका थांबेनात.

लिफ्टमध्ये आम्ही चौघं, म्हणजे कातडं धरून सात. पाचवा मजला गेला आणि नात्सेक म्हणाला, "जरा आवाज बसतोय का बघू," आणि त्यानं एक छोटी, अगदी छोटी उडी मारली.

घण्ण. लिफ्ट थांबली.

"मी काही केलं नाही," नात्सेक मुखवट्यातून म्हणाला.

दार चार बोटं उघडलं आणि तिथेच अडकलं. फटीतून वर सहाव्या मजल्याची फरशी दिसत होती, माझ्या नाकाच्या उंचीला. साहेबांनी फोन काढला. नेटवर्क नाही. मी धोक्याचं बटण दाबलं. गोड आवाजात रेकॉर्ड सुरू झालं: घाबरू नका, मदत येत आहे. पण हे आम्हाला अंदाजानं कळलं, कारण सुरुवात बल्गेरियनपासून होती. मग स्पॅनिश. मग चेक.

"चोवीस भाषा आहेत," आन्सेल्मो म्हणाला. "समान वागणूक."

वेळ घालवायला मी विचारलं, "साहेब, त्या आवाजाच्या मसुद्याचं काय झालं? सोमवारी यायचा होता ना?"

"आला," साहेब कुजबुजले आणि घड्याळ दाखवलं. "पण अजून सतरा मिनिटं मी बोलू शकत नाही."

"का बरं?"

"मसुद्यावर लिहिलं होतं, गुरुवारी दुपारी बारा वाजेपर्यंत शांतता. चार दिवस मी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही, हेडविकाबाई! कचेरीत फोनसुद्धा उचलू दिले नाहीत. फ्रान्सची बाई येऊन विचारत होती, तुमची काही हरकत? मी बाणेदारपणे गप्प. ऑस्ट्रियाचा विचारत होता, मी गप्प. बारा वाजू द्या, मग बघा. चौदा पानांचं भाषण आहे. फोनमध्ये."

माझ्या हातातला डबा पडता पडता राहिला.

"अहो साहेब! ती शांतता तशी नव्हे हो!"

आता हे तुम्हाला सांगते, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सत्तावीस देशांना दर वेळी एका खोलीत बसवायचं म्हणजे टोपलीत बेडूक जमवायचे. म्हणून मसुदा सगळ्यांना पाठवतात आणि एक वेळ ठरवून देतात. तोवर कुणी लेखी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांनी हो म्हटलं असं धरतात. त्याला म्हणतात शांतता-प्रक्रिया. मौन म्हणजे संमती, दुसरं काही नाही. एका देशानं, मग तो तळहाताएवढा का असेना, वेळेत लेखी "नाही" कळवलं की म्हणायचं शांतता भंगली, आणि मसुदा परत चर्चेला जातो. आणि आमचे साहेब चार दिवस बाणेदारपणे हो, हो, हो म्हणत फिरत होते!

"म्हणजे बारा वाजले की..." साहेबांचा चेहरा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या रंगाचा झाला.

"बारा वाजले की बोलणार म्हणे! बारा वाजले की आपले बारा वाजले!"

नात्सेकनं मुखवटा काढला. "मला कुणी सरळ सांगेल का?"

"सरळ सांगायचं तर सतरा मिनिटांनी तुझ्या घंटांत बोळे."

मला वाटलं, आता हा साहेबांना काठीनं बदडणार. बदडलं असतं तर बरं वाटलं असतं. तो नुसता घंटांवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, जसा बाबा शेवटच्या वर्षी उभे राहायचे तसा.

रेकॉर्ड आयरिशवर आलं होतं तेव्हा वरच्या फरशीवर राखाडी बूट येऊन थांबले. ओळखीचे होते.

"पिर्कोबाई!" मी फटीतून ओरडले. "आम्ही शांतता भंग करतोय! स्लोव्हेनियाची हरकत आहे!"

बूट जरा वेळ विचारात पडले.

"लेखी," पिर्को म्हणाली.

"कागद नाही हो आमच्याकडे! एक कागद द्या. आणि पेन."

पुन्हा विचार. "तटस्थ," पिर्को म्हणाली. बरोबरच होतं तिचं. अध्यक्षांनी एका देशाला हरकतीसाठी कागद पुरवला तर उरलेले सव्वीस उद्या पेन मागतील. पण तरी त्या क्षणी तिचे बूट ओढावेत असं मला वाटलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाई, आमच्या कचेरीतून कुणाला तरी..." आणि थांबले. कचेरीत कुणी फोन उचलत नव्हतं. त्यांचंच फर्मान.

मग आम्ही कागद शोधू लागलो. सगळा युरोप चालेल इतका कागद त्या इमारतीत, आणि आमच्या लिफ्टमध्ये चिटोरं नाही. साहेब कागदमुक्त. नात्सेकच्या कातड्यात गवताची काडी आणि अर्धं बिस्किट. आन्सेल्मोकडे किल्ल्यांचा जुडगा. साहेबांनी एकदम कोटाची बाही वर सरकवली, क्रोफ फोडला आणि जॅममध्ये बोट बुडवून पांढऱ्या कफावर "नाही" असं लिहिलं. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा माया वाटली. त्यांनी हात फटीतून बाहेर काढला.

वरून हुंगल्याचा आवाज.

"जर्दाळू," पिर्को म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नोंदवता येत नाही."

अकरा त्रेपन्न. रेकॉर्ड पोलिशमध्ये धीर देत होतं.

तेव्हा आन्सेल्मो खाकरला. "माझं मशीन छापतं," तो म्हणाला.

आम्ही तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला.

"पण ते उगाच छापत नाही. आवाज ऐंशीच्या वर गेला तरच चिठ्ठी येते, मसुद्याप्रमाणे लावलंय. आणि त्याआधी दहा सेकंद पूर्ण शांतता लागते, नाहीतर ते सुरूच होत नाही. स्रोत कोणता, साक्षीदार कोण, ते बटणांनी भरायचं. दुसरं काही लिहिता येत नाही त्यात."

"पण तुम्ही तर आयोगाचे," साहेब म्हणाले. "कायदा तुमचाच."

"कायदा त्यांचा. मशीन माझं," आन्सेल्मो म्हणाला आणि पेटी उघडली. स्रोत: स्लोव्हेनिया. साक्षीदार: गोराज्द. बटणं दाबताना त्याची बोटं सतारीवर फिरावीत तशी फिरत होती.

रेकॉर्ड स्लोव्हेनियनवर आलं, घाबरू नका म्हणालं, आणि आम्ही चौघंही जास्त घाबरलो. मग फिनिश. वर पिर्कोनं ते लक्ष देऊन ऐकलं. मग स्वीडिश, आणि संपलं.

दहा सेकंद. मी आयुष्यात इतका वेळ जागेपणी गप्प बसले नव्हते. मशीनवर हिरवा दिवा लागला. नात्सेकनं दम भरला, कंबर हलवली आणि उडी मारली. मारली म्हणजे काय, टाचा उचलल्या. डावा गुडघा कच्च म्हणाला आणि तो लिफ्टच्या दांडीला धरून खाली बसला.

"एकोणऐंशी," आन्सेल्मो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "हे... कायदेशीर आहे."

साठ वर्षांत नात्सेकचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. तो दात-ओठ खात उठायला गेला आणि उठता येईना. अकरा छप्पन्न. मग त्यानं मागे हात नेले आणि पट्ट्याची कडी काढली.

"बांध," तो म्हणाला.

"कुणाला?"

"इथे दुसरी हेडविका आहे का?"

"पोरींनी बांधायच्या नसतात."

"कोण म्हणालं?"

"बाबा! आणि तू!"

"बाबा लिफ्टमध्ये अडकले नव्हते. बांध, म्हशे, वेळ जातोय!"

मी बांधल्या. साहेबांनी मागची कडी लावली, डॉक्टर माणूस, दोनदा चुकला. काय वजन हो ते! कमरेवर बसल्या आणि माझे पाय आपोआप फाकले, जसे फाकायला हवेत तसे. एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती. नऊ वर्षांची असताना मी गोठ्यात या घंटा चोरून बांधायचे. आवाज होऊ नये म्हणून आधी आत लोकरीचे बोळे कोंबायचे, आणि मग उड्या मारायचे. थप, थप, थप. गाई बघायच्या. बोळा कोंबलेली घंटा काय असते हे मला कुठल्या मसुद्यानं सांगायला नको.

"शांतता," आन्सेल्मो म्हणाला. दहा, नऊ, आठ. हिरवा दिवा.

मग मी उडाले. पन्नास वर्षं थकीत राहिलेली उडी होती ती! लिफ्ट थरथरली, साहेब कोपऱ्यात दबले, पाची घंटा एका दमात बोंबलल्या आणि तो आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांवरून फिरून परत आला. एकीनं भागेना म्हणून मी दुसरी मारली, तिसरी मारली. कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. नात्सेक खालून ओरडत होता, "कंबर! कंबर हलव! खांदे नको!"

मशीन कुरकुरलं आणि त्यातून पांढरी चिठ्ठी बाहेर आली. आन्सेल्मोनं ती फाडली, मी हिसकावली आणि फटीतून वर सरकवली. आत काय छापलंय ते मी वाचलंही नव्हतं. आत्ता कुठे मनात आलं, अरे देवा, "आमची हरकत आहे" असं तर त्यात कुठेच नसणार.

बूट हलले नाहीत. कागद उलगडल्याचा आवाज आला. मग पिर्कोनं तो मोठ्यानं वाचला, आणि त्या मशीनचं भलं होवो, त्याची छापायची पद्धत अशी होती:

"शांतता भंगली. वेळ, अकरा सत्तावन्न. आवाज, एकशे चार. स्रोत, स्लोव्हेनिया. साक्षीदार, गोराज्द."

साहेबांनी डोळे मिटले होते.

"लेखी आहे," पिर्को म्हणाली. "देश आहे. वेळेत आहे." आणि मग, महिन्याभराचे शब्द एकदम उधळावेत तशी म्हणाली, "मसुदा परत चर्चेला जाईल, आणि माझ्या मते घंटा वगळायला हव्यात, कारण ही खिडकीची काच अजून वाजते आहे."

आम्ही असे ओरडलो! साहेबांनी आन्सेल्मोला मिठी मारली, कफाचा जॅम त्याच्या पाठीला लागला. मी डबा उघडला आणि पहिला क्रोफ फटीतून वर दिला. एक हात आला आणि घेऊन गेला. आता तटस्थ राहायची गरज नव्हती.

वायरमन येईपर्यंत आम्ही खाली बसून उरलेले क्रोफ खाल्ले. मी पट्टा सोडायला लागले, तर नात्सेक म्हणाला, "राहू दे अजून." मग साखर लागलेली बोटं चाटत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उडी बरी होती. गोठ्यात मारायचीस तशीच. खांदे तेव्हाही उडायचे."

मला ठसका लागला. "तुला माहीत होतं?"

"एकदा एक बोळा आत विसरलीस. बाबांच्या हाती लागायच्या आधी मी काढला."

"पन्नास वर्षं! आणि एका शब्दानं बोलला नाहीस, मेल्या!"

"नाही ना बोललो," नात्सेक म्हणाला. "गप्प राहिलो. मघाशी तूच या साहेबांना सांगत होतीस, गप्प राहणं म्हणजे काय ते."

मी त्याच्या कातड्यात तोंड खुपसलं. मेंढीचा वास, राखेचा वास. साहेब उगाच छताकडे बघत होते.

"आणि नाताळात नेझानं विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो होतो?" नात्सेकनं विचारलं.

"काहीच नाही. उठून गोठ्यात गेलास."

"मग? कुणी लेखी हरकत घेतली का?"

तेवढ्यात लिफ्ट हलली, सहाव्या मजल्यावर दार पूर्ण उघडलं आणि साहेबांच्या फोनवर नेटवर्क आलं. मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला, नेझाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि नात्सेकच्या तोंडापुढे धरला.

"नेझा," तो म्हणाला, "रविवारी लवकर ऊठ. तुझी आत्याआजी कडी लावून देईल."

पलीकडून पोर अशी किंचाळली की आन्सेल्मोच्या मशीनमधून आपोआप एक चिठ्ठी बाहेर आली.